गोत्वाचा क्लास कोणता?

पायथन शिकताना कुणी ‘गाय’ नावाचा क्लास लिहितो. पायथन 3 मध्ये हे नाव चक्क देवनागरीतही चालते. त्यातून कपिला आणि गौरी ही दोन ऑब्जेक्ट्स बनतात. कपिलेचा टाइप विचारला की उत्तर येते, गाय. एखादी चिकित्सक विद्यार्थिनी मग गाय या क्लासचाच टाइप विचारते. उत्तर: ‘टाइप’. आणि टाइपचा टाइप? पुन्हा ‘टाइप’च!

हा प्रश्न संगणकाहून फार जुना. न्याय-वैशेषिक या भारतीय दर्शनांच्या परिभाषेत कपिला ही व्यक्ती आणि गोत्व ही जाती. गायी जन्मतात, मरतात, गोत्व नित्य. पण गोत्व, अश्वत्व या सगळ्या जातींत मिळून आणखी एक ‘जातित्व’ मानायचे का? मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘किरणावली’त जाती मानण्याच्या आड येणारी सहा कारणे दिली. त्यांतले एक अनवस्था. जातीला जाती दिली की तिलाही द्यावी लागते आणि जिना संपतच नाही. म्हणून जातीला जाती नाही.

अनवस्था पायथनमध्ये डोळ्यांनी पाहता येते. फॅक्टोरियलचे रिकर्सिव्ह फंक्शन 5 साठी 4 चे उत्तर मागते, 4 साठी 3 चे, आणि 0 पाशी थांबते. तिथले उत्तर 1 हे आधीच ठरवून दिलेले असते. ही बेस केस लिहायची राहिली, तर सुमारे 1000 हाका साचल्यावर ‘रिकर्शनएरर’ येतो.

टाइपपाशी जिना गोल वळतो. टाइप स्वतःचाच इन्स्टन्स, म्हणजे स्वतःतूनच बनलेले ऑब्जेक्ट, हा आत्माश्रय. ‘ऑब्जेक्ट’ हा मूळ क्लास टाइपचा इन्स्टन्स आणि टाइप त्याच ऑब्जेक्टचा सबक्लास, हा अन्योन्याश्रय. नैयायिकांनी दोष ठरवलेल्या या दोन गोष्टींवर भाषा बिनबोभाट चालते!

कारण सीपायथन या पायथनच्या प्रचलित अंमलबजावणीत टाइप आणि ऑब्जेक्ट हे दोघे सी भाषेत आधीच मांडून ठेवलेले असतात. पायथनच्या आतून पाहिले तर ते अनादी. बाहेरून पाहिले तर कुणीतरी लिहिलेले.

घडलेल्या वस्तूला घडवणारा हवा, हा उदयनांचा ‘न्यायकुसुमांजली’तला ईश्वरसिद्धीचा युक्तिवाद. पायथनला तो सहज लागू पडतो. 1991 मध्ये ती भाषा प्रथम बाहेर आणणारे गुइडो व्हॅन रॉसम सर्वांना ठाऊक आहेत. गोत्व मात्र उदयनांच्या मते घडलेलेच नाही, ईश्वराच्या हातूनही नाही. इथे तर प्रोग्रामर गाय आणि म्हैस हे दोन्ही क्लास स्वतः लिहितो आणि एका ओळीत कपिलेची म्हैस करतो.