मागून घेतलेलं दुखणं

आजारी माणसाला आपल्याकडे सहानुभूती मिळते, पण एका अटीवर: दुखणं न मागता आलेलं असावं. ताप चढला, पाय मोडला, पित्ताशयात खडे निघाले, की शेजारपाजारहून डबे सुरू होतात. पण चांगली धडधाकट मुलगी आपल्या पायांनी रुग्णालयात जाते, संमतिपत्रावर सही करते, दोन्ही जबड्यांची हाडं कापून घेते आणि ओळखू न येण्याइतकं सुजलेलं तोंड घेऊन घरी येते, तेव्हा काय बोलावं हे लोकांना उमगत नाही. माझ्या भाचीच्या समाचाराला आलेल्या एका बाईंनी चहा संपवला, तिच्याकडे एकवार पाहिलं आणि म्हणाल्या, "हौसेला मोल नसतं." भाचीच्या वरच्या-खालच्या दातांना रबरं ताणून बसवलेली होती, त्यामुळे तिला उत्तर देता येत नव्हतं. माझी बहीण यजमानीण, त्यामुळे तिलाही नाही.

ही हौस काय होती ते सांगते. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे वाढलेला. समोरचे दात एकमेकांवर टेकतच नसत. पेरूचा चावा घेणं, वडापावचा घास दातांनी तोडणं तिला कधी जमलं नाही. सगळं हाताने तोडून दाढांकडे सरकवायचं. हा दोष बऱ्याचदा शाळकरी वयातच लक्षात येतो, पण वाढ थांबेपर्यंत शस्त्रक्रिया करत नाहीत. नंतर हाड आणखी वाढलं तर केलेलं सगळं फुकट जातं. खालचा जबडा पुढे असेल तर ही वाट अठराच्याही पुढे लांबते. म्हणजे चेहऱ्यावरून चिडवलं जाण्याची सगळी वर्षं तशीच काढायची. मग तारा. जबडे जुळत नसले की दात आपल्या परीने तडजोड करतात, खालचे आत झुकतात, वरचे बाहेर. तारांचं पहिलं काम ही तडजोड मोडणं. दात आपापल्या हाडावर सरळ उभे राहिले की जबड्यांमधली तफावत पुरती उघडी पडते. वर्ष-दीड वर्ष पैसे भरून माणूस आधीपेक्षा वाईट दिसत जातो. नुसती हौस असलेला माणूस या टप्प्यावर टिकत नाही, असं माझं मत झालं आहे.

आरोग्य विम्याचं मत वेगळं आहे. आपल्याकडच्या पॉलिसींमध्ये एक ठरावीक कलम असतं. दिसणं बदलण्यासाठी केलेल्या उपचारांचा खर्च मिळणार नाही. अपवाद अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांच्यानंतरच्या पुनर्रचनेचा, किंवा प्रकृतीला थेट आणि तातडीचा धोका असेल तर त्यावरच्या आवश्यक उपचारांचा. आमचा दावा याच कलमावर बोट ठेवून परत आला. चिडून मी ती यादी पुन्हा वाचत बसले. अपघात, आग, कर्करोग. तिन्ही वरून कोसळणारी संकटं. विमा कंपनीचा वकील आणि समाचाराला आलेल्या बाई यांचं तत्त्वज्ञान एकच आहे. आणि गंमत अशी, की या शस्त्रक्रियेचा इतिहासच भाजलेल्या मुलीपासून सुरू होतो. १८४९ मध्ये अमेरिकेत व्हीलिंग गावी सायमन हलिहेन या शल्यविशारदाने एका तरुणीचा खालचा जबडा कापून मागे बसवला. लहानपणी भाजल्यामुळे तिच्या गळ्यावरचं कातडं आकसलं होतं आणि त्या ओढीने जबडा वेडावाकडा वाढला होता. ती आजच्या कलमात बसली असती. तोच जबडा आगीशिवाय, नुसता वाढीने पुढे आला असता तर ती हौशी ठरली असती. कापायचं हाड तेच, नंतरची उपासमारही तीच.

पुढची शंभर वर्षं थोडक्यात. १९०१ मध्ये रेने ल फोर या फ्रेंच शल्यविशारदाने मृतांच्या कवट्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडं कोणत्या रेषांत तुटतात ते शोधून काढलं. वरचा जबडा मोकळा करताना सर्जन आजही त्याच्या नावाच्या पहिल्या रेषेने जातात. खालच्या जबड्यासाठी ह्यूगो ओब्वेगेसर यांनी १९५० च्या दशकात हाड उभं चिरून त्याच्या दोन फळ्या एकमेकींवरून सरकवण्याची रीत बसवली. टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू आल्यापासून जबडे आठवडेच्या आठवडे तारेने आवळून ठेवण्याची गरज सहसा उरलेली नाही. बहुतेक काम तोंडाच्या आतून होतं, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. याचाच तोटा असा की जखम दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या जखमेला आपल्याकडे पत नाही.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. डोकं उंचावर ठेवून झोपायचं, नाक शिंकरायचं नाही, आणि पोटात फक्त पातळ. घरी मुगाचं कढण, टोमॅटोचं सार, तांदळाची पेज, नाचणीची आंबील असं चक्र सुरू झालं. सगळं मिक्सरमधून काढून मलमलच्या फडक्याने गाळायचं, कारण जिऱ्याचा एक दाणा तारेत अडकला तर तो काढायला जीभही पोचत नाही आणि बोटही. सुई नसलेल्या सिरिंजला मऊ नळी लावायची, ती गालाच्या कडेने दाढांच्या मागे सरकवायची आणि हळूहळू दट्ट्या दाबायचा. वाटीभर कढणाला अर्धा तास. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते, ती या शस्त्रक्रियेत ताणली जाते. भानावर यायला तिला काही आठवडे ते वर्ष लागू शकतं, आणि काहींचा थोडा भाग कायमचा बधिर राहतो. सार हनुवटीवरून ओघळून गळ्याशी आलं तरी भाचीला कळत नसे. ते तिला आईच्या डोळ्यांवरून कळायचं: आईची नजर बोलता बोलता खाली सरकली की ती रुमाल उचलायची. पुढे कधीतरी हनुवटीत मुंग्या यायला लागल्या, मधूनच झिणझिण्या. डॉक्टर म्हणाले, नस जागी होते आहे.

रडू आलं ते मात्र तिसऱ्या आठवड्यात. वेदना तोवर बरीच उतरली होती. वहीत तिने लिहिलं, "मावशी, हे मीच मागून घेतलं ना?" पाय मोडलेल्याला खड्ड्याला, महापालिकेला, दैवाला शिव्या देता येतात. हिने कोणाला द्यायच्या? कुरकुर केली की प्रश्न तयारच: मग केलंस कशाला? स्वतः निवडलेल्या दुखण्याबद्दल हूं की चूं करायचं नाही, हा नियम तिला कोणी शिकवला नव्हता. तो तिला ठाऊकच होता.

पण हा नियम आपण सगळीकडे लावतो का? बाळंतपण घ्या. तेही आता बहुतेक घरांत ठरवून होतं. तरी त्याला सव्वा महिना आहे, डिंकाचे लाडू आहेत, शेक-शेगडी आहे, माहेर आहे. मागून घेतलेल्या वेदनेची सरबराई कशी करायची हे आपल्या समाजाला उत्तम येतं, फक्त त्या वेदनेचं फळ घराण्याच्या पदरात पडायला हवं. बाईने कुटुंबासाठी दुखणं घेतलं तर तिचे लाड होतात. स्वतःच्या दातांनी पेरू खाता यावा म्हणून घेतलं तर ती हौस.

आणि इथे तर घराण्याचं काहीतरी गेलंही होतं. ती हनुवटी तिच्या पणजोबांची, असं तिची आजी कौतुकाने सांगत आली होती. सूज उतरत गेली तशी आजी नातीकडे बघता बघता गप्प होऊ लागली. एकदा एवढंच म्हणाली, "आबा गेले गं चेहऱ्यातून." त्यात रोष नव्हता. बरं होणं म्हणजे पूर्ववत होणं ही आपली रुळलेली व्याख्या इथे चालतच नाही. पूर्ववत झालं तर शस्त्रक्रिया फसली. हाड सहा-आठ आठवड्यांत बऱ्यापैकी जुळतं, सुजेचा शेवटचा अंश जायला सहा महिने ते वर्ष लागतं, तारा त्यानंतरही काही काळ राहू शकतात. आजीच्या नजरेला किती वेळ लागेल ते कोणत्याही डॉक्टरने सांगितलेलं नाही.

"खरं सांग, चावण्यासाठी केलंस की दिसण्यासाठी?" असं तिला एका मैत्रिणीने विचारलं. तिने दोन्ही म्हणून टाकलं. मला ते प्रामाणिक वाटलं. झोपेत श्वास अडकणाऱ्या काही रुग्णांचे दोन्ही जबडे याच पद्धतीने पुढे आणतात. त्यांचाही चेहरा बदलतो, पण त्यांना असा उलटतपासणीचा प्रश्न कोणी विचारत नाही. उलट टोकही आहे. दक्षिण कोरियात उत्तम चावता येणारे जबडेही चेहरा निमुळता दिसावा म्हणून कापून घेतले जातात. नसेचा धोका लक्षात घेता मी ते कोणाला सुचवणार नाही. तरी तिथली मुलगी सुजलेलं तोंड घेऊन घरी आली तर तिलाही पेज गाळूनच द्यावी लागेल.

ज्यांच्या घरी अशी शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगते. पहिल्या आठवड्यात माणसं आपोआप जमतात, रुग्णही औषधांच्या गुंगीत असतो. दुसरा-तिसरा आठवडा कठीण. सूज अर्धवट उतरलेली, भूक परतलेली, चावायला बंदी, आरशात जुना चेहरा नाही आणि नवा अजून आलेला नाही, आणि घरातले सगळे आपापल्या कामाला लागलेले. कचेरीतून चार दिवसांची रजा मिळणार असेल, तर ती तेव्हासाठी राखून ठेवा.