पंगतीची अट

दान देताना घेणाऱ्याकडे पाहावं, ही आपल्याकडची जुनी शिकवण. गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काळ आणि पात्र पाहून दिलेलं दान सात्त्विक ठरतं. पण तिथं पारख होते ती दान घेणाऱ्याची. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये जी संस्था उभी असते, तिला पारखणं हा विषय फार नंतरचा.

आम्हा इंदूरकर मराठी मंडळींना अहिल्याबाईंचा दाखला तोंडपाठ. घाट, देवळं, अन्नछत्रं उभारली ती दौलतीच्या तिजोरीतून नव्हे, स्वतःच्या खासगी मिळकतीतून. म्हणजे पैसा कुणाचा, हा प्रश्न त्यांनी आधी स्वतःलाच विचारला. त्याच खासगीच्या धर्मादाय मालमत्तांच्या विक्रीचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2022 मध्ये न्यायालयानं त्या सांभाळणारा न्यास मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. अहिल्याबाईंचं नाव असलं तरी हिशेब देणं चुकत नाही.

पण पैसा स्वच्छ, हिशेब चोख, आणि तरीही हात आखडावा, असा पेच मराठी माणसापुढे खऱ्या अर्थानं उभा केला तो शारदा सदनानं. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी ते सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी पुण्याला हलवलं. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा. रमाबाई स्वतः 1883 मध्ये ख्रिस्ती झालेल्या. सदनात धर्म शिकवायचा नाही, असं ठरलेलं. सल्लागारांत रानडे आणि भांडारकर. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसत. एवढ्यावरून ‘केसरी’नं रान उठवलं. 1893 मध्ये रानडे-भांडारकरांनी संबंध तोडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या.

‘केसरी’चा आरडाओरडा मला रुचत नाही, पण प्रश्न खोटा नव्हता. ज्याच्या घरी दोन वेळा जेवतो, त्याच्या प्रार्थनेच्या वेळी बाहेर बसून राहणं सोपं नसतं, दार कितीही उघडं असो. मात्र काढून नेलेल्या विधवेनं जायचं कुठं, याचं उत्तर ओरडणाऱ्यांजवळ नव्हतं. ते शोधलं धोंडो केशव कर्व्यांनी. सदनातच शिकलेल्या गोदूबाईंशी त्यांनी त्याच 1893 मध्ये पुनर्विवाह केला आणि 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. दुसऱ्याच्या संस्थेची तत्त्वं पटत नसतील, तर टीकेचा हा एक प्रकार (आणि सर्वांत महागडा). रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ख्रिस्ती शिकवण उघड ठेवली. मला तो व्यवहार अधिक सरळ वाटतो. ज्याला द्यायचं त्यानं जाणून द्यावं.

मदतीबरोबर श्रद्धेची अट येते का, या प्रश्नाला कायदा फक्त कडेनं शिवतो. 1961च्या प्राप्तिकर कायद्यातलं 80जी कलम घ्या. सवलत हवी तर संस्था एकाच धर्मसमुदायापुरती किंवा जातीपुरती नसावी, आणि निव्वळ धार्मिक कामावरचा खर्च उत्पन्नाच्या 5 टक्क्यांच्या आत असावा, अशी त्याची अट होती. हे सगळं वहीत तपासता येतं. पंगतीत काय चालतं, ते नाही.

म्हणून इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या एका न्यासाच्या कार्यालयात मी जरा वेळ बसलो. हा भाग कोचिंग क्लास आणि वसतिगृहांचा, खेड्यांतून आलेल्या मुलांचा. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणाऱ्या टंट्या मामांचं नाव आता इथल्या चौकाला आहे. त्यांच्याकडे पावती कुणी मागितली नसावी. न्यासाचे लोक मुलांना रात्रीचं जेवण देतात. टेबलामागच्या गृहस्थांनी ऑडिट रिपोर्ट, 80जीचं प्रमाणपत्र, सगळं पुढे केलं. मी विचारलं, आरतीला न आलेल्या मुलाला थाळी मिळते का?

“आरती साढ़े सात बजे, थाली आठ बजे. जो आठ पे आए, वो भी खाए.”

उत्तर आवडलं. पण विद्यार्थ्यांनी भरायच्या फॉर्मवर नाव आणि गावाच्या खाली धर्म आणि जात असे दोन रकाने होते. ते कशाला?

“पुराना फॉर्म है, भाई साहब.”

मी एका महिन्याच्या थाळ्यांचे पैसे भरले आणि नवा फॉर्म छापला की पुढचे भरीन, असं सांगितलं. त्यांनी पावतीच्या मागं माझा फोन नंबर लिहून घेतला.