दसरा काढताना

वाईला आमच्याकडे घटस्थापनेआधीच्या साफसफाईला 'दसरा काढणं' म्हणतात. भाद्रपदातलं ऊन कडक पडायला लागलं की सासूबाई सकाळी चहा पितानाच जाहीर करायच्या, "आजपासून दसरा काढायला घेऊ." मग पुढचे आठ-दहा दिवस घरात बसायला जागा नसायची. पोटमाळ्यावरचे डबे खाली, डाळी सुपात घालून अंगणात, पितळेची भांडी चिंचेच्या पाण्यात, आणि घरातल्या सगळ्या वाकळा कृष्णेच्या घाटावर. भिजलेली वाकळ एकट्या बाईला उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची आणि उलट्या दिशांना पीळ द्यायचा. माझं आणि सासूबाईंचं पहिलं मोकळं बोलणं त्या पिळण्यातच झालं.

पावसाळ्याचे चार महिने घर ओल पीत असतं. भिंतींना पोपडे धरतात, पापडाच्या डब्याला वास येतो, कपाटामागे बुरशी धरते. ते सगळं उन्हात काढायचं, यात नवल काही नाही. पण सासूबाईंच्या कामाला एक मुदत होती. सर्वपित्री अमावस्येला शेवटची वाकळ वाळून घडी झालीच पाहिजे, कारण दुसऱ्या दिवशी घट बसायचा. आणि मधल्या पंधरवड्यात, ऐन पसाऱ्यात, सासऱ्यांचा महाळ यायचा. अर्धं घर बाहेर, भांडी ओसरीवर, आणि त्यातच पुरणावरणाचा स्वयंपाक. एकदा मी म्हटलं, आधी महाळ होऊ द्या, मग काढू दसरा. त्या म्हणाल्या, "ते काय परके आहेत? पसारा त्यांचाच आहे."

सासूबाईंना जाऊन आता दोन वर्षं झाली. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. वाकळ एकच उरली आहे. ती यंत्रात मावत नाही, म्हणून बाल्कनीत मोठ्या टबात भिजवते आणि पिळायला मुलीला हाक मारते. मुलगी आहारतज्ज्ञ आहे. मागच्या भाद्रपदात वाकळेचं दुसरं टोक धरून तिने विचारलं, "आई, हे सगळं मुळात तब्येतीसाठीच असतं ना? ऋतू बदलतो म्हणून घर कोरडं करायचं, हलकं खायचं, उपास करायचे. धर्माचं नाव लोकांनी ऐकावं म्हणून दिलं असेल."

तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहाव्या अध्यायात शरदाची ऋतुचर्या दिली आहे आणि ती आजही पटते. पावसाळ्यात थंडाव्याची सवय झालेल्या शरीरावर एकदम ऊन येतं आणि साठलेलं पित्त उसळतं. म्हणून गोड, कडू, थंड आणि पचायला हलकं खावं. साळी, जव, गहू खावेत. कडू औषधांनी सिद्ध केलेलं तूप घ्यावं. संध्याकाळचं चांदणं अंगावर घ्यावं. दिवसा उन्हाने तापलेलं, रात्री चंद्राने निववलेलं आणि अगस्तीच्या उदयाने निर्मळ झालेलं पाणी प्यावं. त्याला हंसोदक असं देखणं नाव आहे. आपण ज्याला ऑक्टोबर हीट म्हणतो, तिच्यावरचा हा उतारा आहे. महाळाच्या पानावरची खीर आणि कारल्याची भाजी या यादीत अगदी चपखल बसते. कोजागरीचं दूधही बसतं.

पण तेच पान नीट पाहा. खिरीशेजारी तेलात तळलेले वडे आहेत. पलीकडे ताकाची कढी आहे. आणि चरक शरदात जे वर्ज्य सांगतो त्यात तेल आहे आणि दहीही आहे. नवरात्रातल्या उपासाचं तर विचारूच नका. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शिवाय बटाटा, शेंगदाणे आणि मिरची, चारही अमेरिका खंडांकडून समुद्रमार्गे आलेले. आपली साबुदाण्याची खिचडी चरकाने पाहिलेली नाही, आणि पाहिली असती तर पित्ताच्या दिवसांत ती खाऊ दिली नसती. म्हणजे तब्येत हे कारण मानलं, तर निम्मं पान उचलून ठेवावं लागतं. मी मुलीला हे दाखवलं. ती म्हणाली, "मग वडे बंद करू."

तिथे मी थांबले. वडे सासऱ्यांना आवडायचे.

मला वाटतं, आमच्या दोघींचे प्रश्नच वेगळे होते. ती विचारत होती, हे कशासाठी? सासूबाईंनी तो प्रश्न कधी विचारला नाही. त्या विचारायच्या, हे कुणासाठी? सगळं तब्येतीसाठी आहे असं म्हटलं की घराच्या मध्यभागी मी येऊन बसते. घर माझ्यासाठी कोरडं, पान माझ्यासाठी हलकं. त्यांच्या घरात मध्यभागची जागा रिकामी ठेवलेली असे, कारण कुणीतरी येणार असे. आधी गेलेली माणसं, मग देवी. आरोग्य लाभायचं, पण पाहुण्यासाठी झाडलेल्या ओसरीवर आपणही बसतो, तसं.

यावर जुना आणि बिनतोड आक्षेप आहे, तो चार्वाकांचा. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रहात त्यांचं मत नोंदवलं आहे: इथे वाढलेलं अन्न मेलेल्या माणसाला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यायची, घरीच त्याच्या नावाने जेवावं. या युक्तिवादाला माझ्याकडे तर्काचं उत्तर नाही. गच्चीवर ठेवलेल्या वड्याला चोच लावणारा कावळा माझे सासरे आहेत, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

पण पैठणच्या एकनाथांची कथा मला इथे आठवते. श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. त्याच्या वासाने, तेव्हा अस्पृश्य मानलेलं एक भुकेलं कुटुंब दारावरून जाताना थबकलं, आणि नाथांनी व गिरिजाबाईंनी ते अन्न त्यांना वाढून टाकलं. ब्राह्मणांसाठी पुन्हा शुद्ध स्वयंपाक केला, तरी ते रागावून जेवायला आले नाहीत. मग नाथांचे पितर स्वतःच येऊन पानांवर बसले. मला या कथेतला चमत्कार महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचा आहे तो क्रम: आधी दारातला भुकेला जेवला, मग पितर आले. चार्वाकाने विचारलं होतं, अन्न पोचतं कसं. नाथांच्या अंगणात ते असं पोचलं. मेलेल्यांसाठी राखलेली जागा जिवंत माणसाने भरली तर ती बाटत नाही, हे ज्यांना कळलं नाही ते त्या दिवशी घरी बसून राहिले. माझ्या मते हीच श्राद्धाची खरी कसोटी आहे, आणि आपल्या बहुतेक घरांत ती लागत नाही. आमच्याकडे मागच्या वर्षापासून कावळ्याचं पान ठेवलं की जिना झाडणाऱ्या बाई आमच्याआधी टेबलावर जेवतात. वडे त्यांनाही आवडतात.

अमावस्येला पुतण्या वाईहून पिशवीभर माती घेऊन येतो. शेतातली काळी माती, चाळून परडीत पसरायची. त्यात गहू, ज्वारी, हरभरा, जवस असं मिसळलेलं धान्य पेरायचं आणि मध्ये पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा. घट पाझरतो, माती ओली राहते, वर रोज एक माळ चढते. लोक सांगतात, ही रब्बीच्या बियाणाची उगवण-परीक्षा होती. असेलही, शाळवाची पेरणी याच दिवसांतली. पण मातीत हात घातला की मला दुसरंच सुचतं. ज्यांना काल पान वाढलं, त्यांनीच ही माती पिढ्यान्‌पिढ्या शेण घालून, दगड वेचून कसली. त्यांचा पंधरवडा संपला की दुसऱ्याच दिवशी तिच्यात बी पडतं. ऋण मानायचं म्हणजे ते फेडून मोकळं व्हायचं नाही, त्यात पेरायचं, इतकं मला या दोन लागून आलेल्या तिथींवरून समजलं. मुलीला मी ते परडीत धान्य टाकताना सांगितलं. ती काही बोलली नाही, पण माळ बांधायला स्टूल घेऊन आली.

दसऱ्याला पिवळसर कोंब टोपीत, केसांत खोवून झाले की बरेच जण ती परडी नदीत सोडतात. तुम्ही सोडू नका. नदीकडे काय कमी जातं? पावसाने कुंड्यांतली माती दडपून घट्ट झालेली असते, ती खुरप्याने उकरा आणि घटाची माती तिच्यात कालवा. हस्ताचा पाऊस सरला की त्यात मेथी टाका. धणे पेरणार असाल तर आधी हलके रगडून त्यांच्या दोन फाकी करा, दुपारचं ऊन चुकवा, आणि कोवळ्या रोपांना सकाळी पाणी द्या. मेथी तीन-चार दिवसांत वर येते. पहिली जुडी शेजारी द्या.