चंक्रमण आणि चळवळ



मागच्या पौर्णिमेला आमच्या शुक्रवार पेठेत सामुदायिक वंदना आटोपली आणि एका तरुणाने मला दारातच अडवले. "सर, खेड्यापाड्यांत आपली माणसे मार खातात. इथे गल्लीत चार-चार, पाच-पाच दिवस नळाला पाणी येत नाही. आणि तुम्ही आम्हाला गच्चीवर सावकाश चालायला शिकवता! चळवळ सोडून हे काय काढले?" त्याचा स्वर रागाचा होता, प्रश्न मात्र खरा होता. उभ्या उभ्या मला त्याचे उत्तर देता आले नाही, म्हणून ते येथे मांडतो. हा प्रश्न तुमच्याही घरात निघाला असेल. ज्या घराने नुकत्याच बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारा उतरवला, उपासतापास सोडले, त्या घराला ध्यानाच्या नावाने नवे कर्मकांड मागल्या दाराने शिरते की काय, अशी शंका येणारच. ती अवश्य घ्या. कालामांनी शंका घेतली तेव्हा तथागतांनी त्यांना दोष दिला नव्हता; शंका घेणे रास्तच आहे, असे सांगितले होते.

प्रथम शब्द पाहू. पालीत 'चंकम' म्हणजे येरझारा घालण्याची जागा, आणि त्या येरझाराही. मराठीत आपण चंक्रमण म्हणतो. बुद्धगयेला जाऊन आलेल्यांनी महाबोधी विहाराच्या उत्तरेकडील रत्नचंक्रम पाहिला असेल. संबोधीनंतर तथागत तेथे चालत असत, असे परंपरा सांगते. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ दिले आहेत : माणूस लांबचा प्रवास सोसू शकतो, नेटाने उद्योग करू शकतो, आजार कमी होतात, अन्न पचते, आणि चालताना मिळवलेली एकाग्रता बराच काळ टिकते. या यादीत स्वर्ग नाही, पुण्य नाही, पुढचा जन्म नाही. आणि पहिले दोन लाभ कोणते, तर प्रवास आणि उद्योग! कोपऱ्यात डोळे मिटून बसणाऱ्याला प्रवासाचे बळ कशाला हवे? तथागत पंचेचाळीस वर्षे गावोगाव पायी फिरले. फक्त पावसाळ्यात एका जागी राहिले. चंक्रमण ही अशा माणसाची साधना आहे.

आता आपल्या पायांविषयी. माझे आजोबा अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातले. वेस जवळ आली की ते चपला काढून हातात घेत आणि गाव ओलांडल्यावर पुन्हा घालत. सोलापुरात राहायला आल्यावरसुद्धा एखादे मोठे घर दिसले की त्यांची चाल आपोआप बदले, असे माझी आई सांगते. मान खाली, पावले भराभर, अंग चोरलेले. पेशवाईत पुण्याच्या रस्त्याने जाताना कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या भाषणात नोंदवले. केरळात वायकोमच्या देवळाभोवतालच्या रस्त्याने नुसते चालता यावे म्हणून १९२४ मध्ये सत्याग्रह करावा लागला. ज्या समाजाला रस्त्याचीच बंदी होती, त्याने ताठ मानेने, आपले पाऊल जाणत चालणे ही किरकोळ गोष्ट समजू नका.

विनयपिटकातील सोण कोळिविसाची कथा येथे आठवते. सोण श्रीमंत घरचा, पायांचे तळवे अतिशय नाजूक. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळच्या सीतवनात तो इतक्या हट्टाने चंक्रमण करू लागला की त्याचे पाय फुटले आणि चंक्रम रक्ताने भरला. एवढे करूनही चित्त मुक्त होईना, तेव्हा घरी परतावे असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला वीणेचा दाखला दिला. तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. मग त्याला एकतळी पादत्राण वापरण्याची मुभा दिली. सोण म्हणाला, साऱ्या संघाला मुभा असेल तरच मी वापरीन. तथागतांनी ती साऱ्या संघाला दिली. आजोबांच्या हातातल्या चपला आणि ही कथा मी शेजारी शेजारी ठेवून पाहतो, तेव्हा आपण कोणाच्या मार्गावर आलो आहोत हे मला फार विवेचनाशिवाय कळते. चळवळीत रात्रंदिवस राबणाऱ्या, घरी बायकामुलांवर चिडणाऱ्या आणि दोन वर्षांत थकून बाजूला होणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनीही सोण आठवावा.

आता माझी फजिती सांगतो. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात पाण्यासाठी आमच्या गल्लीने मोर्चा नेला. बायकांच्या डोक्यावर रिकाम्या घागरी होत्या. तीन महिने नळ कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती वेळ आला, याची नोंद त्यांनी शाळेच्या एका वहीत ठेवली होती. विड्या वळता वळता, रात्री दोनला उठून, त्यांनी ती लिहिली होती. ती वही आणि अर्ज घेऊन आम्ही पाच जण आत गेलो. समोरच्या माणसाने आम्हाला बराच वेळ उभे ठेवले आणि मग 'तुमच्या लोकांना सगळे फुकट लागते' असे म्हटले. माझे रक्त तापले. मी पदवीधर, शिक्षक, बोलण्यासाठी निवडलेला. मी वही त्याच्या टेबलावर आपटली, तोंडाला येईल ते बोललो आणि बाहेर पडलो. बाहेर टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेठेत चर्चा कशाची? सर कसे कडाडले याची. पाण्याचे नाव कोणी काढीना. आईच्या वयाच्या एक मावशी तेवढ्या संध्याकाळी घरी आल्या आणि म्हणाल्या, "सर, रागावलात ते बरं केलं. पण वही तरी घेऊन यायची होती."

वही परत मिळाली नाही.

राग चूक होता, असे मी आजही म्हणणार नाही. अपमान झाल्यावर राग न येणारा माणूस गुलामीला सरावलेला असतो. माझी चूक एवढीच की त्या घटकेला निर्णय रागाने घेतला आणि मी त्याच्या मागून फरफटत गेलो. महाडला २० मार्च १९२७ रोजी परिषदेचे लोक रांगेने चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर देवळात शिरणार अशी खोटी आवई उठवून त्यांना मारहाण करण्यात आली. बाबासाहेबांच्या भोवती बदला घ्यायला तयार असलेली माणसे होती, त्यांत पलटणीत नोकरी केलेलेही होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. तळ्याचा लढा मग कोर्टात दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला. महाडला कोणी चंक्रमण केले होते असे मी म्हणत नाही; ओढूनताणून नाते जोडण्याचे मला कारण नाही. पण तो आवर कोठून आणायचा, हा प्रश्न आपल्यासारख्या साध्या माणसांना उरतोच.

मला तो थोडाफार गच्चीवर सापडला. रीत सोपी आहे. पंधरा-वीस पावलांची जागा घ्यावी. नजर चार हात पुढे जमिनीवर ठेवावी. पाऊल उचलले, पुढे गेले, टेकले, हे जाणावे. टोकाला थांबावे, वळावे. दहाव्या पावलाला तो टेबलामागचा माणूस मनात येतो. येऊ द्यावा. 'राग आला' एवढे ओळखावे. छातीत, जबड्यात तो कुठे बसला आहे ते पाहावे आणि पुन्हा तळव्याकडे यावे. मंत्र नको, माळ नको, आसन नको. गल्लीत दुचाक्यांची गर्दी असते म्हणून मी पहाटे गच्चीवर जातो. ज्यांना गच्ची नाही त्यांनी नळापासून घरापर्यंत भरली घागर घेऊन तसे चालावे. माझ्या आईला ते माझ्याआधीपासून जमते, फक्त तिला कोणी त्याचे नाव सांगितले नव्हते.

त्या तरुणाच्या प्रश्नातला एक भाग मात्र मला पूर्ण मान्य आहे. शांतीच्या नावाखाली घरी बसणारे आपल्यातही वाढले आहेत. शिबिराला जातील, मोर्चाला जाणार नाहीत. मन अशांत होते म्हणतील. त्यांनी कंबोडियाकडे पाहावे. भदंत महाघोसानंद यांचे सारे कुटुंब ख्मेर रूज राजवटीत मेले. १९९२ मध्ये ते निर्वासितांना बरोबर घेऊन थायलंडच्या सीमेवरून राजधानी नोम पेन्हपर्यंत चालत गेले. देशात सुरुंग पेरलेले होते, लढाई पुरती थांबलेली नव्हती. व्हिएतनामचे भिक्खू थिच न्हात हान यांनी सजग चालणे जगभर शिकवले, पण युद्ध पेटले असता तरुणांना घेऊन उद्ध्वस्त खेडी उभारण्याचे काम त्यांनी आधी केले होते. आणि दूर कशाला? १९७९ मध्ये विद्यापीठाच्या नामांतरासाठी नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. विधिमंडळाचा ठराव १९७८ चा, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली सोळा वर्षे ज्यांनी काढली, त्यांचे पाय आणि मन दोन्ही टिकले म्हणून ती निघाली.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. वाटेत घोषणा होत्याच. मी मधून मधून तळव्याकडे येत होतो. आत यावेळी दुसरा माणूस होता, बोलणे साधारण तेच. जबडा आवळला गेला, तो मला कळला. मी अर्जाची पोच मागितली. तो नाही म्हणाला. मी पुन्हा मागितली. पाऊण तासाने शिक्का मारून पोच मिळाली. पाणी अजून पाचव्या दिवशीच येते. पोच त्या मावशींकडे आहे. नवी वहीही त्यांच्याकडेच असते. आत जाताना त्या ती स्वतः हातात धरतात, मला देत नाहीत.