बर्फ लाव म्हणालास?

मोबाईल खिशात ठेव आणि नीट उभा राहा. तू नाकात फिलर भरलेल्या मुलीने रात्री साडेनऊला फोटो पाठवला, नाक ठणकतंय म्हणून मेसेजवर मेसेज केले, आणि तू काय कळवलंस? ‘थोडी सूज असतेच, बर्फ लाव, सकाळी ये.’ वर एक अंगठा! फोटो मोठा करून बघितलास तरी का? नाकाचा शेंडा पांढराफटक आणि बाजूला जांभळट जाळी उमटलेली. ती सूज नव्हे रे, रक्त अडलंय. बोटाने दाबून सोडायचं आणि रंग परतायला किती वेळ लागतो ते बघायचं, एवढं तर इथेच शिकला होतास. वर बर्फ! आधीच रक्त मिळेना, त्यात उरल्यासुरल्या वाहिन्याही आकसवल्यास.

दोन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट काचेत लावून बसलायस. नाकाच्या आणि दोन भुवयांमधल्या धमन्या आत डोळ्याच्या धमनीला मिळतात, हे त्या कोर्सात सांगितलं नाही वाटतं? सुई धमनीत शिरली आणि सिरिंजचा दांडा जोरात दाबला की फिलरचं जेल उलटं मागे सरकतं. दाब सुटला की रक्ताबरोबर पुढे, थेट दृष्टिपटलाच्या धमनीत. मग हातात तासभरही धड नसतो, आणि गेलेली नजर सहसा परत येत नाही. तिचा डोळा वाचला ते तिचं नशीब, तुझा हात नव्हे.

फिलर विरघळवणारं हायलुरोनिडेज का नव्हतं क्लिनिकमध्ये? मिळत नाही म्हणू नकोस. डोळ्यांचे डॉक्टर भूल नीट पसरावी म्हणून वर्षानुवर्षं वापरतायत. रिसेप्शनवर कॉफीचं मशीन बरं परवडतं! फिलर हायलुरोनिक ॲसिडचं होतं म्हणून विरघळवता तरी येतंय. कॅल्शियमवालं भरलं असतंस तर हेही औषध चाललं नसतं. काल सकाळपासून आम्ही पुन्हापुन्हा टोचतोय. शेंडा जरा गुलाबी झालाय, उजव्या नाकपुडीची कड मात्र काळी पडतेय.

आणि केसपेपरवर ‘ॲलर्जी’ लिहिलंयस, ते खोडू नकोस. खाली खरं काय ते लिही: कुठलं फिलर, किती मिली, सुई की कॅन्युला, दुखतंय असं तिने कधी कळवलं. तारीख-वेळ घालून सही कर. तिची आई बाहेर बाकावर बसलीय. कड झडली तर व्रण राहील, हे त्यांना तू सांगायचंस, माझ्यादेखत. चल.