खाडा

ऊसतोडीत खाडा हा शब्द लहान लेकरालाही कळतो. कामावर गेलं नाही की खाडा, अन् खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. दिवाळी झाली की आमच्या शिरूर कासार तालुक्यातल्या वाड्यावस्त्या रिकाम्या होतात. नवराबायको मिळून एक कोयता. पण उचल घेतो गडी, हिशेबाला बसतो गडी. बाई कोयत्यात अर्धी, हिशेबात कुठंच नाही.

त्या बाईचं आयुष्य जन्मापासून मांडून बघा. २०११ च्या जनगणनेत आमच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार पोरांमागं ८०७ पोरी निघाल्या. म्हणजे कित्येकींचा खाडा जन्माआधीच पडला. जी जन्मली ती शाळेत जाते, पण आईबाप फडावर निघाले की धाकट्याला सांभाळायला तिलाच संगं न्यायचं, नाहीतर आजीजवळ भाकरी थापायला ठेवायचं. वयात आली की बाप म्हणतो, "तरणी पोर कुणाच्या भरवशावर मागं ठेवू?" मग लगीन. लगीन झालं की नवा कोयता तयार. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत जिल्ह्यातल्या विशी-चोविशीच्या शंभर बायांपैकी चाळिसाहून जास्त जणींचं लगीन अठराच्या आत झालेलं होतं.

पुढं कोपीत संसार. न्हाणी नाही, संडास नाही, पाणी लांब. पहाटे अंधारात उठून भाकरी, मग तोड, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. पाळी आली तरी हेच. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, पण दवाखान्यात गेलं तर खाडा. शेवटी कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक, कटकटच मिटंल. २०१९ मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहा जणींमागं एक. त्यात तिशी-पस्तिशीतल्याही होत्या.

यावर पारावर एक बोलणं नेहमी ऐकू येतं. "कुणी जबरदस्ती केली का? बायांनी राजीखुशीनं सह्या केल्या." खरा प्रश्न इथंच आहे. राजीखुशी कशाला म्हणायची? दोन वाटा असल्या अन् माणसानं एक धरली, तर ती त्याची मर्जी. पण एका वाटेवर खाडा, उचलीचं कर्ज अन् दुखणं, अन् दुसऱ्या वाटेवर ऑपरेशन, तर तिनं मर्जीनं निवडलं असं कसं म्हणावं? त्यात तिला कुणी सांगितलेलं नसतं, की पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर हाडं लवकर ठिसूळ होतात. अर्धवट शाळा सुटलेल्या बाईनं डॉक्टरला उलटं विचारायचं तरी कसं? शाळेतला खाडा असा पंधरा वर्षांनी दवाखान्यात भरावा लागतो. म्हणून मला शिक्षण अन् आरोग्य हे दोन प्रश्न वाटत नाहीत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हळद-लोण्यानं मळतो. बैल लंगडला तर औताला जुंपत नाही. दुखतंय म्हणून त्याचा अवयव काढून परत जुंपावा, असं कुण्या शेतकऱ्याच्या मनातही येणार नाही. बैलाला मिळते ती सवड बाईला का नाही? कारण बैल आपण मालमत्ता धरतो, अन् बाईचं अंग फुकटात धरतो.

आता जिल्ह्यात पिशवी काढायला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. बरं झालं. पण परवानगीनं ऑपरेशन थांबंल, खाडा थांबत नाही. पाळीच्या अन् आजारपणाच्या दिवसाला खाडा नको, उचलीच्या कागदावर बाईचं वेगळं नाव हवं, कोपीपाशी संडास हवा, अन् हंगामात पोरींसाठी गावात भरवशाचं वसतिगृह हवं. यातलं बरंचसं सरकारनं अन् कारखान्यानं करायचं आहे. पण हंगाम संपल्यावर मुकादमापुढं हिशेबाला बसताना बायकोला शेजारी बसवणं, हे तर आपल्याच हातात आहे. त्याला कुठला जीआर लागत नाही.