रीसेटची पिन

एका कारखान्यात राउटरचे बोर्ड बनत. नव्या बोर्डावर 32 मेगाबाइटची नॉर फ्लॅश चिप बसवली आणि तक्रारी सुरू झाल्या. रीबूट केलं की बोर्ड उठेना. वीज काढून पुन्हा दिली की मुकाट चालू!

धाकट्या इंजिनिअरने लिनक्सचा कर्नल उलटापालटा केला, चिप बदलून पाहिल्या. शेवटी थोरल्या मॅडमनी त्याला सर्किटचा आराखडा उघडायला लावला. चिपची रीसेटची पिन कुठेच जोडलेली नव्हती.

"तीन बाइटांच्या पत्त्यात 16 मेगाबाइटच मावतात," मॅडम म्हणाल्या. "म्हणून लिनक्सने हिला चार बाइटांच्या पत्त्यावर नेलं. रीबूट झाल्यावर प्रोसेसर सगळं विसरला, ही मात्र नाही. हिला रीसेट मिळालाच नाही. बूट रॉम तीन बाइट पाठवून उत्तराची वाट बघतो, ही चौथ्या बाइटाची. मग हाती येतो तो कचरा."

"पण मॅडम, चिप स्वतःची ओळख सांगते ना?"

"कंपनी सांगते, प्रकार सांगते. आपली पिन बोर्डावर कुठे जोडलीय, हे तिला कुठून कळणार? ते माणसानेच लिहायचं."

ते लिहायची जागा म्हणजे डिव्हाइस ट्री. त्यात कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरायचा, हे कर्नलच्या 'बाइंडिंग' फाइलींत ठरलेलं असतं. तिथे हार्डवेअर जसं आहे तसं सांगायचं; ड्रायव्हरला हुकूम सोडायचे नाहीत. हा दंडक मला फार शहाणपणाचा वाटतो. या दुखण्यासाठीही तिथे शब्द आहे: 'ब्रोकन-फ्लॅश-रीसेट'.

तो शब्द पाहून कारखान्याच्या साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आपल्याच मालाला आपण मोडका म्हणायचं? आणि तेही चारचौघांत? झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"मूठ झाकलेली राहील साहेब, पण बोर्ड उठणार नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "दोष लपवला तर येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्यापासून शोधावा लागतो. लिहिला की एकदाच."

साहेब कुरकुरले, पण ओळ पडली. आता रीबूट करताना लिनक्स आधी चिपला तीन बाइटांवर परत आणतो आणि मगच निरोप घेतो. चालू होताना लॉगमध्ये ताकीदही छापतो की, अचानक रीबूट झाला तर सावरण्याची खात्री नाही. ती ताकीद खरीच आहे. वॉचडॉग टायमरने मध्येच रीसेट केला तर बोर्ड आजही अडकतो. लिहिल्याने न जोडलेली पिन जोडली जात नाही.

पुढच्या बोर्डाचा आराखडा करणाऱ्या मुलीने जुनी फाइल चाळताना ती ओळ वाचली, अर्थ बाइंडिंगमध्ये पाहिला आणि रीसेटची जोडणी आधी आखली. तिच्या बोर्डाच्या फाइलीत ती ओळ नाही.